पातळ पत्र्यासारखे प्रोटीन क्रिस्टल एक्स-रेसमोर धरायला कशावर माउंट करावेत (बसवावेत)? नायलॉन लूप, पॉलिइमाइड की जुनी काचेची कॅपिलरी?

पलासिया_पीएचडी

नमस्कार. मी इंदूरलाच पीएचडी करते. एका जिवाणूतल्या एन्झाइमची रचना काढायची आहे. क्रिस्टल येतात, पण सगळे पातळ पत्र्यासारखे. लांबी-रुंदी दीडशे मायक्रॉनच्या आसपास, जाडी मात्र जेमतेम दहा-पंधरा. हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेखाली लटकत्या थेंबात) वाढवते, पीईजी ३३५० (एक पॉलिमर) आणि लिथियम सल्फेट घालून. क्रायोसाठी, म्हणजे गोठवताना बर्फ होऊ नये म्हणून, मदर लिकरमध्येच (क्रिस्टल ज्यात वाढतो त्या द्रवात) वीस टक्के ग्लिसरॉल घालते.

नायलॉनच्या लूपने (तंतूच्या बारीक फासाने) उचलून लॅबच्या एक्स-रे मशीनवर १०० केल्विनच्या थंड नायट्रोजनच्या झोतात लावले की तीन गोष्टी दिसतात. डिफ्रॅक्शनचे ठिपके गोल येत नाहीत, एका दिशेने ओघळल्यासारखे लांबट येतात. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला आइस रिंग (बर्फाची वर्तुळं) असतात. आणि गोनिओमीटर (क्रिस्टल फिरवणारं उपकरण) फिरवला की क्रिस्टल मध्यावरून किंचित सरकतो, म्हणजे लूप झोतात हलतोय अशी शंका येते.

इथल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणारं यंत्र) बीमटाइम, म्हणजे वापरायची वेळ, मिळण्याची शक्यता आहे, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. लॅबमधले सीनियर म्हणतात पॉलिइमाइडचे (एका प्लास्टिकचे) माउंट मागव, सगळं सुटेल. गाइड म्हणतात ते बाहेरून येतात, महाग पडतात, आधी कारण सांग. कपाटात काचेच्या कॅपिलरींची (केसासारख्या बारीक नळ्यांची) एक जुनी डबी आहे, ती कुणी उघडलेलीही नाही. प्रश्न एवढाच की माउंटच्या मटेरियलने खरंच इतका फरक पडतो का? आणि माझ्या क्रिस्टलसाठी काय घ्यावं?

राजेंद्रनगर

मी निवृत्त आहे, पण माझं सगळं काम क्रिस्टल उचलण्यात आणि फ्रेम (डिटेक्टरवरची ठिपक्यांची चित्रं) बघण्यात गेलं. कॅपिलरीपासून सुरुवात केली, लूप आले तेव्हा त्यांवरही हात बसवला. तू विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

आधी ती डबी उघड. तुझे ठिपके क्रिस्टल मुळात तसा आहे म्हणून ओघळतात की गोठवताना बिघडतो म्हणून, हे अजून तुला माहीत नाही. ते कळल्याशिवाय कुठलंही सामान मागवणं म्हणजे अंधारात तीर मारणं. आणि हे कळण्याचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे क्रिस्टल न गोठवता, खोलीच्या तापमानाला, त्याच्या स्वतःच्या मदर लिकरच्या वाफेत ठेवून दोन-चार फ्रेम घेणं. प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची सुरुवातच तिथून झाली आहे. १९३४ साली केंब्रिजमध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनचे क्रिस्टल कोरडे न होऊ देता काचेच्या कॅपिलरीत मदर लिकरसकट ठेवले, तेव्हा पहिल्यांदा प्रोटीनचं नीट डिफ्रॅक्शन दिसलं. क्रिस्टल हवेत वाळला की त्याची शिस्त मोडते, हे बर्नाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. माउंटचं पहिलं काम तेव्हापासून तेच आहे: क्रिस्टलला ओला ठेवायचा, पण भिजवून ठेवायचा नाही.

कॅपिलरी कशी भरायची ते सविस्तर सांगते, कारण आता हे शिकवणारे कमी उरलेत. तुझ्या मापाला ०.५ किंवा ०.७ मिलिमीटर व्यासाची घे. भिंत ०.०१ मिलिमीटरची असते, नुसत्या बोटाच्या दाबाने फुटते, म्हणून कायम फनेलच्या बाजूने धर. टोक काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडून हलकेच तोड. मऊ रबरी नळी लावून आधी थोडं मदर लिकर ओढ, मग हवेचा बुडबुडा, मग क्रिस्टल असलेला थेंब. क्रिस्टल आत आला की कॅपिलरी आडवी धर आणि फिल्टर पेपरची केसासारखी बारीक पट्टी कातरून तिच्या टोकाने क्रिस्टलभोवतालचं पाणी टिपून घे. हे टिपणं म्हणजे सगळं कौशल्य. जास्त राहिलं तर क्रिस्टल फिरवताना घसरतो, पूर्ण टिपलं तर डोळ्यांदेखत त्याच्या कडा पांढुरक्या होतात. भिंतीला चिकटून राहील इतकी ओल ठेवायची, थेंब दिसता कामा नये. दोन्ही बाजूंना क्रिस्टलपासून काही मिलिमीटर अंतरावर मदर लिकरचा एकेक थेंब ठेव आणि टोकं वितळलेल्या डेंटल मेणाने बंद कर. मेण लावताना क्रिस्टलच्या बाजूला ओला टिश्यू गुंडाळ, नाहीतर आच पोचते. पितळी पिनवर प्लास्टिसिनच्या गोळीत खोच, झालं.

वैशाखात हे काम सकाळी लवकर कर. आपल्या माळव्यात त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की कव्हरस्लिप उलटी केल्यावर थेंबावर साय धरायला फार वेळ लागत नाही. एसी आणखी कोरडं करतो. शेजारी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवलं तरी फरक पडतो.

खोलीच्या तापमानाला रेडिएशनने क्रिस्टल १०० केल्विनच्या मानाने फार लवकर मरतो, म्हणून पूर्ण डेटा घ्यायच्या मागे लागू नकोस. ठिपके गोल आहेत का, कुठवर जातात, एवढंच बघ.

आता मटेरियलकडे येते. किरणांच्या वाटेत काय काय येतं त्याचा हिशेब वजनात कर, म्हणजे घोळ राहत नाही. पॉलिइमाइडचा माउंट साधारण १० मायक्रॉन जाड असतो. दर चौरस सेंटिमीटरला त्याचं वजन सुमारे १.४ मिलिग्रॅम, म्हणजे बारा मिलिमीटर हवेच्या थराइतकं. तुझ्या कॅपिलरीच्या दोन भिंती मिळून साडेचार-पाच मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर हवा. आणि क्रिस्टलभोवती १०० मायक्रॉन मदर लिकर राहिलं तर ते दहा मिलिग्रॅम, म्हणजे आठ सेंटिमीटर हवेपेक्षा जास्त! विकिरण (किरणांचं विखुरणं) नुसत्या वजनावर ठरत नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे. तुझा क्रिस्टल स्वतः पंधरा मायक्रॉन जाड. त्याच्या सहा-सातपट जाड द्रव लूपमध्ये घेऊन बसलीस तर डिटेक्टरवर आधी त्या द्रवाचीच धूसर कड दिसणार. म्हणून पार्श्वभूमीचं बोलायचं तर नायलॉन की पॉलिइमाइड हा मुद्दा मागचा आहे. कुठला माउंट कमी द्रव उचलतो, हा पुढचा.

नायलॉनचा लूप द्रवाच्या पडद्यावर चालतो. १९९० मध्ये टेंग यांनी क्रिस्टल असा मोकळ्या पडद्यात धरून गोठवण्याची पद्धत मांडली आणि पुढे सगळ्या जगाने उचलली, कारण क्रिस्टलला कुठलाही कठीण पदार्थ टेकत नाही. जाडजूड, दगडासारख्या क्रिस्टलला आजही मी नायलॉनच देईन. स्वस्त आहे, हाताने वाकवता येतो. पण पडदा मध्ये पातळ आणि कडेला जाड असतो. त्यात तुझ्यासारखा पत्रा आला की पृष्ठताण त्याला ओढतो, थोडा वाकवतोही. वाकलेला पत्रा म्हणजे एकाच दिशेने ओघळलेले ठिपके. तुझं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथेच जातो.

पॉलिइमाइडचे माउंट कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट थॉर्न यांच्या गटाने २००३ साली मांडले. पातळ फिल्मवर फोटोलिथोग्राफीने आकार कोरायचा आणि ती फिल्म गोल पिनवर चिकटवायची. त्या गोलाईमुळे फिल्मला बाक येतो, आणि बाक आला की इतकी पातळ फिल्मही ताठ उभी राहते. भोक क्रिस्टलपेक्षा लहान घेतलं की क्रिस्टल कडेवर टेकतो आणि जास्तीचं द्रव मागून पेपर पॉइंटने (कागदाच्या टोकदार काडीने) टिपता येतं. नायलॉनमध्ये हे करायला गेलं की पडदाच फुटतो, क्रिस्टल हातचा जातो. रंग पिवळसर असल्याने बिनरंगी क्रिस्टल त्यावर उठून दिसतो. त्याच पदार्थाची बारीक जाळीही मिळते. पत्र्याला ती उत्तम, सगळीकडून सारखा आधार मिळतो. पॉलिइमाइडचं स्वतःचं एक रुंद, फिकट वर्तुळ साधारण १५ अँगस्ट्रॉमजवळ येतं. तिथे तुला विशेष काही शोधायचं नसतं.

म्हणून सीनियर म्हणतात ते तुझ्या क्रिस्टलसाठी बरोबर आहे, आणि गाइडना सांगायचं कारण असं: क्रिस्टल पत्र्यासारखा आहे, त्याला सपाट आधार हवा आणि द्रव टिपता आलं पाहिजे. दोन मापांचे थोडे माउंट आणि थोडी जाळी एवढंच मागव. ते धुऊन पुन्हा वापरता येतात.

कॅट_रोड

मॅडमनी क्रिस्टलच्या बाजूने सगळं सांगितलंय. मी बीमलाइन वापरणारा आहे, पिनच्या बाजूचं थोडं सांगतो.

लूप हलतोय असं वाटतं तेव्हा दहातल्या बहुतेक वेळी मटेरियल दोषी नसतं. पिन आणि मॅग्नेटिक बेस यांच्यातला सांधा तपासा. चिकटवायला दोन नळ्यांचं एपॉक्सी वापरा, रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद द्रव नायट्रोजनमध्ये ठिसूळ होऊन सुटतो. बेसच्या खाली बर्फाचा कण अडकला तरी पिन तिरकी बसते आणि फिरवताना क्रिस्टल मध्यावरून जातो, म्हणून चढवण्याआधी मॅग्नेट कोरडं पुसा. नायलॉनचाच लूप वापरायचा असेल तर त्याची मान आखूड ठेवा. पिनच्या नळीच्या तोंडाबाहेर नायलॉन जितका लांब, तितका तो झोतात डुलणार.

पिनची लांबी आधी विचारून घ्या. स्पाइन या ठरलेल्या मापाच्या पिनमध्ये बेसच्या तळापासून क्रिस्टलपर्यंत २२ मिलिमीटर अंतर असतं. पुढे कधी परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर रोबोटने माउंट करायची वेळ आली तर हेच माप लागतं, तेव्हा आत्ताच तसं घेतलेलं बरं.

इंडस-२ ची पीएक्स-बीएल२१ ही बेंडिंग मॅग्नेटवरची बीमलाइन आहे, मायक्रोफोकस (अगदी बारीक बीमची) नव्हे. ऊर्जा ५ ते २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान निवडता येते. तुमचा क्रिस्टल पंधरा मायक्रॉनचा. कडेने बघितला तर बीम त्याच्यापेक्षा बराच मोठा राहील, आणि लूपमध्ये जे काही असेल ते सगळं बीममध्ये येईल. मॅडमचा द्रवाचा हिशेब इथे दुप्पट लागू होतो. बीमस्टॉप (सरळ येणारा बीम अडवणारा तुकडा) क्रिस्टलच्या जवळ आणला तर हवेचं विकिरणही कमी होतं, तेही सांगून करून घ्या.

आणखी एक, पावसाळ्यात येणार असाल तर. आषाढ-श्रावणात इंदुरात उघड्या थर्मासमधल्या नायट्रोजनवर हवेतली ओल बसते आणि तळाशी पांढरा भुगा साठतो. तुमच्या आइस रिंगमधली काही तिथूनच आलेली असू शकते, क्रायोशी तिचा संबंध नाही. ओळखायला सोपं आहे: क्रिस्टलच्या आतल्या पाण्याचा बर्फ अखंड वर्तुळ देतो, बाहेरून चिकटलेल्या कणांचं वर्तुळ तुटक, जाड ठिपक्यांचं असतं. थोडा नायट्रोजन वरून ओतला की बाहेरचं धुऊन जातं. झाकण ठेवा, थर्मास रोज रिकामा करून वाळवा.

रावपुरा_बडोदा

आमच्याकडे बडोद्याला बीमलाइन नाही, तयार माउंटचं बजेटही नसतं, म्हणून लूप स्वतः करतो. १० ते २० मायक्रॉनचा नायलॉनचा एकेरी तंतू लागतो. मेण न लावलेल्या डेंटल फ्लॉसचा पीळ सोडवला की बारीक तंतू निघतात. दोन्ही टोकं सुईच्या नळीतून ओवायची, बारीक तारेभोवती फास घट्ट करायचा, नळीच्या तोंडाशी एपॉक्सीचा कण लावायचा, तार काढायची. केस वापरू नका, तो साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. दीडशे मायक्रॉनच्या क्रिस्टलपुढे तो दोरखंडासारखा, आणि स्वतःबरोबर पाणी भरपूर आणतो.

काचेची कॅपिलरी भरायला हात बसत नसेल तर पॉलिएस्टरची पारदर्शक बारीक नळी मिळते. क्रिस्टल नेहमीसारखा लूपने उचलायचा, नळीच्या बंद टोकात मदर लिकरचा थेंब ठेवायचा आणि नळी लूपवरून बेसपर्यंत सरकवायची. आतली हवा ओलसर राहते. खोलीच्या तापमानाला तपासणीसाठी आम्ही आता हेच करतो. काच फुटायची भीती नाही आणि क्रिस्टल दाबलाही जात नाही.

पलासिया_पीएचडी

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅपिलरी भरली. टिपायला मॅडमनी सांगितली तशी फिल्टर पेपरची पट्टी वापरली, पहिल्यांदाच क्रिस्टलच्या कडा इतक्या स्वच्छ दिसल्या. खोलीच्या तापमानाला ठिपके गोल आहेत! २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत दिसतात. म्हणजे क्रिस्टल चांगला आहे आणि बिघाड गोठवताना होतोय.

आइस रिंग मात्र अखंड आहेत, तुटक नाहीत. आणि एक नवीन अडचण: पत्रा समोरून बघते तेव्हा ठिपके इतके दाट येतात की एकमेकांत मिसळतात, कडेने बघितला की सुटे दिसतात. हे माउंटमुळे होतंय का?

राजेंद्रनगर

शाब्बास. आता गाइडना दाखवायला तुझ्याकडे फ्रेम आहे.

अखंड रिंग म्हणजे क्रायो कमी पडतोय. ग्लिसरॉल पंचवीस, मग तीस टक्क्यांपर्यंत वाढवून बघ, पण एकदम बुडवू नकोस. पत्रा पातळ असतो, बाहेरची सांद्रता एकदम बदलली की तडकतो. पायरीपायरीने घे. प्रत्येक मिश्रण आधी क्रिस्टलशिवाय नुसत्या लूपमध्ये झोतात धरून बघ. गोठल्यावर काचेसारखं पारदर्शक राहिलं तरच ते क्रिस्टलला लाव, दुधाळ झालं तर नाही. इथिलीन ग्लायकॉल आणि पीईजी ४०० हेही करून बघ, पीईजीमध्ये वाढलेल्या क्रिस्टलला बऱ्याचदा पीईजी ४०० मानवतं.

दुसरा रस्ता तेलाचा. पॅराटोन-एनच्या थेंबातून क्रिस्टल हळूहळू ओढत न्यायचा, म्हणजे बाहेरचं पाणी मागे राहतं आणि क्रिस्टलवर तेलाचा पातळ थर चढतो. बाहेर पाणीच नाही तर बर्फ कशाचा होणार? पण पॅराटोन घट्ट असतं, पत्र्याला ओढताना तो वाकणार नाही इतक्या सावकाश ने आणि कडेच्या दिशेने ओढ, सपाट बाजूने नको. त्यानंतर पॉलिइमाइडच्या जाळीवर ठेव आणि जास्तीचं तेल मागून टिप.

नायट्रोजनमध्ये बुडवत असशील तर माउंटची कड खाली करून, सरळ, न थांबता बुडव. द्रवाच्या वर थंड वायूचा एक थर असतो. त्यातून हात सावकाश गेला की क्रिस्टल द्रवाला टेकायच्या आधीच हळूहळू गोठू लागतो आणि पाण्याला बर्फ व्हायला सवड मिळते. थर्मास काठोकाठ भरलेला ठेव, म्हणजे तो थर पातळ राहतो.

आता दाट ठिपक्यांचं. त्यात माउंटचा संबंध आहे. पत्र्यासारख्या क्रिस्टलमध्ये बहुधा युनिट सेलची (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान डब्याची) सगळ्यात लांब बाजू जाडीच्या दिशेने असते. पत्रा समोरून बघतेस तेव्हा ती लांब बाजू बीमच्या दिशेने येते आणि ठिपके एकावर एक पडतात. सपाट माउंटवर पत्रा कायम सपाटच निजतो, म्हणून दर वेळी तेच. उपाय म्हणजे माउंटच वाकवायचा. मान काटकोनात वळवली की पत्र्याची जाडी फिरण्याच्या अक्षाच्या दिशेने येते, आणि मग गोनिओमीटर कितीही फिरवला तरी लांब बाजू बीमच्या दिशेने येत नाही. पॉलिइमाइडचे असे वाकवलेले माउंट तयार मिळतात, मागवतेस तर त्यातले काही मागव. नायलॉन असेल तर चिमट्याने मान वाकव, क्रिस्टल उचलायच्या आधी. काटकोन जमला नाही तरी तीस-चाळीस अंशांनी बराच फरक पडतो. शिवाय डिटेक्टर मागे घे आणि दर फ्रेमला फिरवण्याचा कोन लहान ठेव.

कॅपिलरीतल्या फ्रेमवरून युनिट सेलची मापं काढलीस का? ती आणि क्रिस्टलचा सूक्ष्मदर्शकातला फोटो इथे टाक, म्हणजे कुठली बाजू कुठे आहे ते बघून कोन सांगता येईल.

पलासिया_पीएचडी

मॅडम, इंडेक्सिंग झालंय, युनिट सेलची मापं निघाली. दोन बाजू साठ-सत्तर अँगस्ट्रॉमच्या, तिसरी २१० ची. फोटो उद्या टाकते. वाकवलेल्या माउंटचं नाव ऑर्डरमध्ये घातलं, गाइडनी सही केली.